निर्माल्य आणि मेडिकल कार्ड

कमलाकर पिंपळखुट्यांची सगळी नोकरी विद्युत मंडळाच्या बिल खात्यात गेली, आणि त्या नोकरीत त्यांनी निम्म्या नागपूरला पत्ता मिळवून दिला. म्हणजे असं, की माणूस अमुक घरात राहतो हे कुठल्याही कचेरीला पटवायचं तर लाईट बिल दाखवावं लागतं, आणि लाईट बिल निघायचं पिंपळखुट्यांच्या टेबलावरून. रेशनकार्ड असो, गॅस असो, पासपोर्ट असो, मुळाशी त्यांचं बिल. धंतोलीतल्या एका उपवर मुलानं तर म्हणे मुलीकडच्यांना पत्रिकेऐवजी लाईट बिल पाठवलं आणि लग्न जमलं. खोटं वाटेल, पण त्या पंगतीत पिंपळखुट्यांना थेट नवरदेवाच्या शेजारचं पान होतं.

असा हा माणूस दोन हजार सहा साली बायकोला घेऊन मुलाकडे ब्रिस्टलला कायमचा राहायला आला. रीतसर आला, व्हिसाचे शिक्के मारून घेऊन आला. आणि आपण राहतो कुठे हे सांगणारं एक चिठोरं त्याच्याकडे निघेना.

स्वतःपुरतं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण प्रश्न स्वातीबाईंच्या डोळ्यांचा होता. त्यांना काचबिंदू. रोज दिवेलागणीला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा, तो काही केल्या चुकवायचा नाही. "गेलेली नजर परत येत नाही, पिंपळखुटे," असं नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. बरोबर आणलेल्या कुप्या संपत आल्या होत्या, शेवटची उघडली होती. स्वातीबाई सोफ्यावर मान मागे टाकून बसत, कमलाकरराव कुपी आधी कानाशी नेऊन हलवत, आत किती उरलंय त्याचा अंदाज घेत, आणि मग थेंब असा सोडत की जणू पंचामृत.

"हलवू नका हो," स्वातीबाई डोळे मिटूनच म्हणत. "हलवून काय वाढून राहिलं आहे का ते?"

मुलाचं नाव सुश्रुत. शस्त्रक्रियेच्या आद्य गुरूचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं, तर पोरगं रक्त दिसलं की भिंत धरायचं. शेवटी सॉफ्टवेअरमध्ये गेलं. तो म्हणाला, "बाबा, टेन्शन घेऊ नका. इथे डॉक्टरला पैसे लागत नाहीत. कोपऱ्यावरच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात जायचं, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, मेडिकल कार्ड घरी येतं. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम करायला दोघं सकाळीच निघाले. कमलाकररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बगलेत सगळ्या आयुष्याची फाईल होती. सर्जरीत काचेमागे मॉरीन नावाच्या बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याच्यावरून बघण्याची अशी तऱ्हा की समोरच्याला आपण आजारी नसल्याची शरम वाटावी.

"ऑल राइट, माय लव्हर?" मॉरीनबाई म्हणाल्या.

ब्रिस्टलमध्ये बसच्या ड्रायव्हरपासून भाजीवालीपर्यंत सगळे सगळ्यांना असंच म्हणतात, हे कमलाकररावांना कुणी सांगितलं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरले.

"काय म्हणाली हो ती?" स्वातीबाईंनी विचारलं.

"नमस्कार म्हणाली."

"नमस्काराला एवढे लाल का झाले मग तुम्ही?"

मॉरीनबाईंनी पासपोर्ट पाहिले, व्हिसा पाहिला, मान डोलावली आणि पत्त्याचा पुरावा मागितला. या प्रश्नाची तर कमलाकरराव वाटच पाहत होते. त्यांनी काचेखालच्या फटीतून एकेक कागद सरकवला. पेन्शनचं पुस्तक, विवाह नोंदणीचा दाखला, रेशनकार्ड, आणि सगळ्यात शेवटी, पत्ते खेळणारा हुकमाचा एक्का टाकतो तसं, लाईट बिल.

"हे नागपूरचं आहे," मॉरीनबाई म्हणाल्या.

"होय. पण मुदतीत भरलेलं आहे."

"मला ब्रिस्टलच्या पत्त्याचं हवं. मिसेस पिंप... तुमच्या मिसेसच्या नावानं. गॅसचं, बँकेचं, कौन्सिलचं, काहीही चालेल. पण पोस्टानं आलेलं."

"मुलाच्या नावानं आहे ना."

"मग मुलाला नोंदवते."

"तो नोंदलेलाच आहे. त्याला काही होतच नाही!"

"नशीबवान आहे," असं म्हणून मॉरीनबाईंनी सगळे कागद फटीतून परत सरकवले. लाईट बिलसुद्धा! ज्या बिलापुढे तहसीलदार उभे राहत, ते बिल त्या बाईंनी दोन बोटांत धरून परत दिलं. घरी येईपर्यंत कमलाकरराव त्या बिलाच्या घड्या सरळ करत होते.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! घर भाड्याचं, गॅस आणि वीज भाड्यातच धरलेली, त्यामुळे ती बिलं घरमालकाच्या नावानं. बँकेत गेले, तर खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा. वाचनालयाचं कार्ड काढायला गेले, तिथेही पत्त्याचा पुरावा. सुश्रुतनं फोन लावून पाहिले. प्रत्येक ठिकाणी आधी संगीत वाजायचं. ते संगीत इतकं वाजलं की सगळं घर ते सूर शिकलं. कुकर त्याच सुरात शिट्ट्या देऊ लागला असं सूनबाई कस्तुरीनं शपथेवर सांगितलं, आणि ती काही थापा मारणारी मुलगी नव्हे.

"प्रायव्हेटला दाखवू," सुश्रुत म्हणाला. प्रायव्हेटवाल्यांनी विचारलं, "तुमच्या जीपीची चिठ्ठी?"

औषधाच्या दुकानात रिकामी कुपी दाखवली. तिथला पोरसवदा फार्मासिस्ट हळहळला, त्यानं कुपी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हेच औषध इथेही आहे. या मागच्या कपाटात आहे. फक्त तुमच्या जीपीकडून लिहून आणा." कमलाकररावांना ते कपाट दिसत होतं. हात लांब केला तर पोहोचला असता.

चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं स्वातीबाईंच्या डोळ्यांवर वारा सोडून दाब मोजला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "हे सांभाळायला हवं हं. मी आजच पत्र लिहितो." कमलाकररावांना भरून आलं. पत्र! तो पेन उघडून विचारतो, "तुमच्या जीपीचं नाव?"

शेवटी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन बसले. सकाळचे बसले ते चहाची वेळ टळली तरी बसलेच होते. शेजारी एक इसम डोकं पातेल्यात अडकलेल्या अवस्थेत आला होता. त्याला आत बोलावलं, नाव विचारलं, जीपी विचारला, आणि त्यानं पातेल्याच्या आतून घणघणत्या आवाजात जीपीचं नाव सांगितलं. कमलाकररावांनी कपाळावर हात मारला. ज्याचं तोंडसुद्धा दिसत नाही त्यालाही इथे जीपी आहे! स्वातीबाईंना मात्र गोड शब्दांत सांगण्यात आलं की हे तातडीचं नाही, जीपीकडे जा.

"तातडीचं कधी होतं म्हणे?" बाहेर आल्यावर स्वातीबाईंनी विचारलं. "मी खांबावर आपटल्यावर?"

आता उरलं नागपूर. पुतण्या मिलिंदला सांगून कुप्यांचं पार्सल मागवलं. ते कस्टमवाल्यांनी अडवलं, आणि औषधाचं पार्सल अडवल्याचं छान छापील पत्र घरी आलं. कमलाकररावांनी ते झडप घालून उचललं. पत्र सुश्रुतच्या नावानं होतं.

त्यांनी तिथल्या तिथे मिलिंदला फोन लावला. "गाढवा, काकूच्या नावानं पाठवायला तुझं काय जात होतं?"

"काका, अहो, काकू दुपारी झोपतात. सही कोण घेणार पार्सलवर?"

"तू फोन ठेव."

त्या संध्याकाळी कुपी कानाशी हलवली तर आवाजच आला नाही. उलटी धरून, चिमटून, दोन थेंब निघाले. स्वातीबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझे डोळे इथेच आहेत हो, पत्ता तेवढा नाहीये." त्या हे हसत म्हणाल्या. कमलाकररावांना हसता आलं नाही. हल्ली बाई चहाचा कप ठेवताना आधी बोटांनी टेबल चाचपतात, हे त्यांनी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

याच सुमारास घरात दुसरा तंटा पेटला होता, तो निर्माल्याचा. स्वातीबाईंची पूजा रोजची. जास्वंद नाही तर नाही, सुपरमार्केटमधले कार्नेशन त्या देवाला वाहत. वाहिलेली फुलं त्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवत. ती पिशवी आता उशीएवढी झाली होती आणि तिला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आलं होतं. शेजारची मांजर तिच्याकडे बघून गुरगुरायची.

"आई, ग्रीन बिनमध्ये टाकूया ना," कस्तुरी म्हणाली. "वेगळं असतं ते, त्याचं खत करतात."

"देवाला वाहिलेलं? लोकांच्या बटाट्याच्या सालांत?"

"मग काय करायचं त्याचं?"

"वाहत्या पाण्यात सोडायचं. नदी आहे ना तुमच्याकडे?"

"आई, इथे नदीत काही टाकत नाहीत हं. फाइन मारतात."

"फुलांना कोण फाइन मारतं!" असं म्हणून रविवारी सकाळी स्वातीबाईंनी पिशवी उचलली. कमलाकरराव बरोबर निघाले, कारण त्यांना आता बाईंना एकटं रस्ता ओलांडू द्यायचं नव्हतं.

एव्हन नदीच्या काठानं फिरायची वाट आहे. तिथे एका पाटीपाशी, जिच्यावर कचरा टाकू नये असं ठळक लिहिलं होतं, स्वातीबाई थांबल्या. पाटी त्यांना नीट दिसली नाही आणि कमलाकररावांनी वाचली नाही. त्यांच्या डोक्यात कुपी होती. बाईंनी हात जोडले, पिशवी पाण्यावर उलटी केली. कार्नेशन तरंगत निघाले. हंसांचा एक तांडा वळून बघू लागला. तेवढ्यात वारा आला आणि रिकामी पिशवीही हातातून सुटून फुलांच्या मागोमाग गेली.

"एक्स्क्यूज मी!"

मागे पिवळ्या जाकिटातला, निळ्या टोपीचा एक दांडगा माणूस उभा होता. कमलाकरराव नोकरदार माणूस. गणवेश दिसला की त्यांच्या तोंडून आपोआप नकार निघे. "नाही, आम्ही काही..." असं त्यांनी सुरूही केलं. मग त्यांची नजर त्या माणसाच्या हातातल्या पुस्तकाकडे गेली. ते पावतीपुस्तक होतं. आयुष्यभर पावतीपुस्तकं हाताळलेल्या माणसाला ते कव्हर मिटलेलं असतानाही ओळखू आलं.

"आपण कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"कौन्सिलकडून. लिटर वॉर्डन. कचरा टाकणाऱ्यांना दंड करतो."

"कौन्सिलकडून," कमलाकरराव हळूच म्हणाले. कौन्सिल म्हणजे इथली महापालिका. मॉरीनबाईंचा आवाज त्यांच्या कानात घुमला. गॅसचं, बँकेचं, कौन्सिलचं...

वॉर्डन मात्र भला निघाला. त्यानं स्वातीबाईंचं कुंकू पाहिलं, जोडलेले हात पाहिले, पाण्यावरची फुलं पाहिली. टोपी मागे सरकवून म्हणाला, "देवाचं आहे का? राहू द्या, माय लव्हर. फुलंच आहेत. पुन्हा नका टाकू, झालं."

आणि तो चक्क वळला.

"थांबा!" कमलाकरराव ओरडले. हंस दचकले. "असं कसं सोडता? तिनं पिशवीसुद्धा टाकली!"

"अहो!" स्वातीबाई म्हणाल्या.

"प्लॅस्टिकची! ती बघा, त्या पांढऱ्या हंसाच्या मागे चाललीय!"

"वाऱ्यानं गेली असेल, सर."

"वारा कसला! मी स्वतः पाहिलं. मी साक्षीदार आहे."

"काय बोलून राहिले तुम्ही?" स्वातीबाईंनी त्यांची बाही धरली. "इतकी वर्षं संसार केला तो यासाठी?"

"तू गप्प बैस. तुझ्या डोळ्यांसाठी चाललंय." मग वॉर्डनकडे वळून, "दंड तिच्या नावानं झाला पाहिजे. माझ्या नाही. आणि पत्र घरी येतं का? पोस्टानं?"

वॉर्डननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पत्र येतं," तो सावधपणे म्हणाला. "पण सर, घरात काही भांडण असेल तर..."

"भांडण नाही. लिहा."

त्यानं नाइलाजानं पुस्तक उघडलं. कमलाकरराव त्याच्या खांद्याशी उभे राहिले आणि एकेक अक्षर सुटं करून सांगू लागले. स्वाती. कमलाकर. पिंपळखुटे. घर नंबर, गल्ली, पोस्टकोड. त्याचा एक आकडा पुसट उठला, तो त्यांनी पुन्हा गिरवून घेतला. अशा काळजीनं दंड लिहून घेणारा माणूस त्या वॉर्डननं ना आधी पाहिला होता ना नंतर. पुढे तो ही हकिकत चहाच्या टपरीवर सांगायचा तेव्हा कुणाचा विश्वास बसायचा नाही.

परतीच्या वाटेवर स्वातीबाई चार पावलं पुढे चालल्या होत्या. घरी आल्यावर कस्तुरीला म्हणाल्या, "तुझे सासरे मला पोलिसात देऊन आले."

त्यानंतर रोज दाराच्या फटीतून टपाल पडायचं आणि कमलाकरराव पायजम्यावर धावायचे. पिझ्झाची जाहिरात. सुश्रुतच्या नावाचं काहीतरी. पुन्हा पिझ्झा. कुपी कोरडी पडून आठवडा होत आला होता आणि स्वातीबाई संध्याकाळी सवयीनं सोफ्यावर मान मागे टाकून बसत, मग आठवलं की उठत. ते उठणं कमलाकररावांना बघवत नसे. ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत.

आणि एका सकाळी कौन्सिलचा शिक्का असलेलं पाकीट पडलं. मिसेस स्वाती कमलाकर पिंपळखुटे. खाली पत्ता. कमलाकररावांनी ते उचलून आधी देवापुढे ठेवलं आणि त्याला कुंकवाचं बोट लावलं.

"बाबा, हा दंड आहे!" सुश्रुत आतलं वाचून किंचाळला. "आईला दंड झालाय!"

"हळू बोल," कमलाकरराव म्हणाले. "किती सुंदर छापलाय."

सर्जरी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. मॉरीनबाईंनी चष्म्यावरून पत्र वाचलं, मग स्वातीबाईंकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं.

"लिटरिंग?"

"होय," कमलाकरराव छाती काढून म्हणाले. "हीच ती."

"माझ्याकडे नका बघू," स्वातीबाई मराठीतच म्हणाल्या. "यांनीच पकडून दिलं."

मॉरीनबाईंच्या तोंडाची एक कड हलली. ते हसू होतं असं म्हणतात, पण त्या सर्जरीत त्याआधी कुणी पाहिलं नसल्यानं नक्की सांगता येत नाही. त्यांनी पत्राची झेरॉक्स काढली, शिक्का मारला आणि त्याच दुपारची वेळ दिली. डॉक्टरनं औषध लिहिलं. पोरसवदा फार्मासिस्टनं मागचं कपाट उघडलं. त्या संध्याकाळी सोफ्यावर मान मागे टाकलेल्या स्वातीबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायला कमलाकररावांनी भरलेली कुपी इतक्या घाईनं उलटी केली की पहिला थेंब नाकावर गेला.

"पत्ता चुकला," स्वातीबाई म्हणाल्या.

पण हे झालं एकाचं. मॉरीनबाईंनी शिक्का मारता मारता विचारलं होतं, "आणि तुमचा पुरावा, माय लव्हर?"

कमलाकररावांनी त्याच पत्रावर बोट ठेवलं होतं. "हे काय! स्वाती कमलाकर पिंपळखुटे. मधलं कमलाकर म्हणजे मीच. आमच्यात नवऱ्याचं नाव बायकोच्या नावात असतं. म्हणजे अर्धा दंड मलाही झालेला आहे."

मॉरीनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका माणसाला एक पुरावा."

तेव्हापासून असं झालं, की स्वातीबाईंचं मेडिकल कार्ड आलं, ते त्यांनी हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवलं, मोठ्या दवाखान्यात नेऊन त्यांचे डोळे दोनदा तपासून झाले, नवा चष्माही मिळाला. आणि कमलाकरराव दर रविवारी नदीवर जाऊ लागले. कार्नेशन टाकून झाले, नारळ टाकून झाला, एकदा तर त्यांनी पाटीला टेकून केळ्याची साल टाकली. कुणी बघेना. हंस इतके सरावले की दुरून पिंपळखुटे दिसले की रांग लावायचे, नारळ तर त्यांनी शेंडीसकट संपवला म्हणतात. वॉर्डन एकदाच भेटला. त्यानं लांबूनच ओळखून हात हलवला, "मिसेस कशा आहेत?" असं ओरडून विचारलं आणि कमलाकरराव हातातली साल दाखवेपर्यंत सायकलवरून निघूनही गेला. परदेशात गुन्हा करणंसुद्धा एवढं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"राहू दे आता," पुढच्या एका रविवारी स्वातीबाईंशेजारी बाकावर बसत ते म्हणाले. हातात पिशवी तशीच होती. गुडघा दुखत होता आणि गुडघ्याला जीपी नव्हता. "या देशात माझा पत्ताच लागायचा नाही."

 स्वातीबाई कपाळावर हात आडवा धरून पुलाकडे बघत होत्या, थेट पलीकडच्या टोकाकडे, जिथलं कमलाकररावांना चष्म्यातूनही सगळं धुकट दिसत होतं.

"उठा," त्या म्हणाल्या.

"का?"

"पुलावर निळी टोपी. पिवळं जाकीट. आज सायकल नाही, चालत येतोय." त्यांनी नवऱ्याच्या हातातून पिशवी घेतली, तिची गाठ सोडली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली. "पाण्यात टाका, पिशवीसकट. आणि नाव सांगताना उगाच मला मध्ये आणू नका. साक्षीदार आज मी आहे."